भिवंडीची ऊब

गेल्या पौषातली गोष्ट. सकाळचा चहा घेत होतो, तोच भिवंडीहून ताईचा फोन आला. भाची बाळंत होऊन माहेरी आली होती. मुलगी झाली होती, दोघीही सुखरूप होत्या, तेव्हा फोन काळजीचा नसावा अशा समजुतीने मी कप हातात तसाच ठेवून ऐकू लागलो.

"अरे, सगळं ठीक आहे रे. पण माईंनी एकच धोशा लावलाय. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी नाही, ही काय रीत झाली म्हणतात. ह्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू ये, आणि एक बरीशी शेगडी बघून दे."

माई म्हणजे ताईच्या सासूबाई. वय वर्षे अठ्ठ्याऐंशी. त्यांचा शब्द त्या घरात अजून खाली पडत नाही. आता शेगडीतले मला तरी काय कळते म्हणा! सारी हयात विमा कचेरीत कारकुनी केली, आणि घरात विस्तवाशी संबंध आला तो गॅसचे बटण फिरवण्यापुरता. पण आमच्या घराण्यात एक समजूत रूढ आहे: जो रोज मोठ्याने वर्तमानपत्र वाचतो, त्याला जगातले सगळे कळते. त्या समजुतीचा मान राखणे मला भाग होते.

सौभाग्यवतीने अळिवाच्या लाडवांचा डबा, बाळाची दुपटी आणि एक जुनी गोधडी अशी बांधाबांध केली. शेजारचे गृहस्थ जिन्यात भेटले. कुठे निघालो ते सांगितल्यावर हसून म्हणाले, "शेगडी? भिवंडीला? अहो, तिथे पंख्याखाली माणसे भाजतात!" मीही हसलो. पुढे काय वाढून ठेवले आहे ते कळले असते, तर हसलो नसतो.

भिवंडीला जायचे तर आगगाडीचा फारसा उपयोग नाही. भिवंडी रोड नावाचे स्टेशन आहे, पण ते वसई-दिवा फाट्यावर. म्हणून दादरहून लोकलने कल्याण गाठावे आणि तिथून एस.टी. किंवा रिक्षा पकडावी, हे बरे. कल्याणच्या खाडीवरचा पूल ओलांडताना दुर्गाडीचा किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण आणि भिवंडी ही जोडगावे आदिलशाहीकडून घेतली आणि या खाडीच्या आश्रयाने मराठी आरमाराचा श्रीगणेशा झाला. पूल ओलांडला की कोन गाव लागते, आणि पुढे जी गोदामांची रांग सुरू होते ती संपता संपत नाही. मुंबईकर घरबसल्या जे काही मागवतो, त्यातले निम्मेशिम्मे इथेच कुठेतरी एक रात्र मुक्काम करीत असावे, असे ती रांग बघून वाटते.

गाव जवळ आले ते डोळ्यांना कळण्याआधी कानांना कळते. खटखट, खटखट, खटखट! यंत्रमागांचा हा आवाज भिवंडीच्या हवेतच मुरलेला आहे. १८५७च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर पोटासाठी दक्षिणेकडे आले. त्यातले पुष्कळसे इथे कामवारी नदीच्या काठी स्थिरावले. आधी हातमाग होते, १९३०च्या सुमारास यंत्रमाग आले, आणि एका पिढीत भिवंडीचे कोरे कापड देशभर जाऊ लागले. मला मात्र त्या दिवशी राहून राहून वाटत होते, हे गाव साऱ्या देशाला पांघरूण पुरवते, आणि मी चाललो आहे तिथल्या एका खोलीत ऊब पोचवायला!

ताईचे घर ब्राह्मण आळीकडे. पुढचा भाग जुना, लाकडी खांबांचा आणि कौलारू. मागचा भाग दहा-बारा वर्षांपूर्वी पाडून त्यावर स्लॅबच्या दोन खोल्या काढलेल्या. खिडक्यांना अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा. त्यातली एक खोली बाळंतिणीला दिली होती. मागे अंगण, पडवी आणि विहीर.

माई माझी वाटच पाहत होत्या. मी नमस्कार केला तसा आशीर्वाद पुरा व्हायच्या आत त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"बाळंतिणीला वारा लागला तर जन्माचं दुखणं. माझी पाच बाळंतपणं या घरात झाली. बाजेखाली शेगडी, वर ओव्या-शेपांची धुरी. कधी शिंक आली नाही हो!"

भाची कॉटवरून माझ्याकडे बघून डोळे मिचकावीत होती. ती शिकलेली मुलगी. पण आजेसासूशी वाद घालणे सोपे, आजीशी वाद घालणे अवघड. शिवाय त्या आठवड्यात थंडीही बऱ्यापैकी पडली होती. पारा पंधरा-सोळा अंशांवर आला की आपण मुंबईकडची माणसे लगेच कानटोप्या शोधू लागतो. नदीकाठच्या गावाला पहाटेचा गारवा अंमळ जास्तच बोचतो.

दुसऱ्या दिवशी भावजींना घेऊन मी बाजारात गेलो. मातीची शेगडी पाहिली, पत्र्याची पाहिली, आणि शेवटी बिडाची जाळी बसवलेली एक लोखंडी शेगडी पसंत केली. वखारवाल्याला बजावले, "लाकूड नको, धूर होतो. बाळ आहे घरात. चांगला दगडी नव्हे, लाकडी कोळसा द्या." आपण किती विचारपूर्वक निवड केली, याचे मला मोठे समाधान वाटत होते. लाकूड जळताना डोळे झोंबतात, ठसका लागतो. कोळशाचा निखारा म्हणजे कसा, लालबुंद, शांत, साजूक! वजनाला वजन घेतले तर लाकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता देणारा. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाने यापेक्षा अधिक ते काय करायचे?

संध्याकाळी पडवीत शेगडी फुलवली, धूर संपून निखारे धरले तेव्हा ती खोलीत नेली. खोली पाहता पाहता उबदार झाली. माई प्रसन्न झाल्या. ताई भाचीजवळ निजली. मी रात्री झोपण्यापूर्वी डोकावलो, तेव्हा खिडकीची काच चार बोटे उघडी दिसली. गार झुळूक थेट बाळाच्या पाळण्यावर येत होती. मी हलक्या हाताने ती काच सरकवून घट्ट लावली आणि दार ओढून घेतले.

खिडकी मीच लावली होती. हे पुढे कुणाला मला सांगावे लागले नाही. ते मी स्वतःलाच रोज सांगतो.

पहाटे तीनच्या सुमारास काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मला जाग आली ती त्याने. धावत गेलो, दार उघडले. भाची कॉटवरून उतरून दाराकडे येता येता कोसळली होती. "मामा, डोकं... डोकं फुटतंय," एवढेच तिला बोलता आले आणि तिला उलटी झाली. ताईला हलवले तर ती जड जिभेने काहीबाही बोलली. पाळण्यात बाळ स्वस्थ होते. नको तितके स्वस्थ. खोलीत धुराची रेघही नव्हती. वास नव्हता. निखारे राखेखाली मंद हसत होते.

मी बाळाला उचलून अंगणात पळालो. भावजींनी ताईला आणि भाचीला पडवीत आणले. त्या थंडीत, ज्या वाऱ्याला आम्ही सारे भीत होतो त्याच वाऱ्यात, बाळाने हुंकार दिला आणि मग टाहो फोडला. आजवर पुष्कळ गाणी-बजावणी ऐकली, पण त्या टाहोची सर कशाला नाही.

दवाखान्यात तिघींना प्राणवायू दिला. सकाळी उन्हे वर आली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, पण बोलणे पोक्त.

"वेळेवर आलात. निखाऱ्याला पुरती हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीनं त्याला धरून बसतं. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही."

"पण डॉक्टर, धूर तर मुळीच नव्हता!"

"तोच तर घोटाळा! लाकडाचा धूर निदान खोकायला लावतो, उठवतो. तोही विषारीच, बाळाच्या फुप्फुसांना वाईटच. पण तो ओरडून येतो. कोळसा गुपचूप येतो. आणि ती ओव्याची धुरीसुद्धा आता बंद करा."

मी मान खाली घातली. ज्या गुणासाठी मी कोळसा निवडला, तोच नेमका त्याचा दोष निघाला.

दोन दिवसांनी तिघी घरी आल्या. अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. तो उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावात राहतो. त्याच्या जुन्या घरात विटांची शेकोटी आहे, महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत साहेबांनी बांधलेली असते तशीच. ती दिसायला मोठी झोकदार, पण बहुतेक उष्णता धुराड्यावाटे वर जाते आणि जाताना खोलीतली ऊबदार हवाही ओढून नेते. बेंजामिन फ्रँकलिनला हे १७४०च्या दशकातच खटकले आणि त्याने लोखंडी शेगडीची एक नवी तऱ्हा काढली. आजकाल तिकडे जुन्या शेकोटीच्या पोटात बंद लोखंडी पेटी बसवतात. तिला काचेचे दार असते, हवा येण्याची वाट मापून ठेवलेली असते आणि धूर जाण्याची नळी थेट छपरावर नेलेली असते.

"मामा, मी ती घ्यायला गेलो तेव्हा सगळ्यात मोठी मागितली," भाचा सांगत होता. "दुकानदारानंच नको म्हटलं. खोलीच्या मानानं शेगडी मोठी झाली की आपण तिची हवा कोंडून तिला मंद ठेवतो. मग लाकूड नीट जळत नाही, धुराड्यात डांबरासारखा थर बसतो, आणि एक दिवस धुराडंच पेटतं. म्हणून खोलीपुरती शेगडी, वाळलेलं लाकूड, वर्षाला धुराड्याची सफाई, आणि भिंतीवर त्या वायूची घंटी. ती घंटी मी आजच मागवून देतो. ती आल्याशिवाय घरात विस्तव नको."

घंटी तिसऱ्या दिवशी आली. बहुधा कोनजवळच्याच एखाद्या गोदामातून!

पण माईंचे काय? त्या दिवसापासून त्या बोलत नव्हत्या. जेवत नव्हत्या म्हटले तरी चालेल. एका सकाळी मला म्हणाल्या, "मला वज्रेश्वरीला ने. ओटी भरायची आहे."

वाडा रस्त्याने अंबाडीपर्यंत आणि तिथून आत वळून वज्रेश्वरी. तासाभराची वाट. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत या देवीला नवस केला आणि १७३९ साली वसई सर झाल्यावर हे देऊळ बांधले गेले, असे सांगतात. किल्ल्यासारखा दरवाजा आणि चढायला बावन्न पायऱ्या. माईंनी त्या पायऱ्या माझा हात धरून, दर पाच पायऱ्यांवर थांबून, पण एकदाही "राहू दे" न म्हणता चढल्या. आत काय मागितले ते मी विचारले नाही.

परतताना अकलोलीच्या कुंडावर टेकलो. तानसा नदीच्या काठाने इथे आणि गणेशपुरीला गरम पाण्याचे झरे आहेत. देवीने मारलेल्या दैत्यांचे हे रक्त, अशी जुनी कथा. भूगर्भशास्त्र सांगते ते वेगळे. आपल्या या काळ्या पत्थराखाली आता ज्वालामुखी धुमसत नाही. तो लाव्हा थंड होऊन सहा कोटींहून अधिक वर्षे लोटली. पण जमिनीत दर किलोमीटर खाली गेले की उष्णता सुमारे पंचवीस-तीस अंशांनी वाढते. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. ठाण्यापासून राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची माळच आहे.

माईंनी पाण्यात पाय सोडले. बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "माझ्या वेळी पाचही पोरं त्याच शेगडीजवळ वाढली. खोटं नाही सांगत मी."

"मी कुठं खोटं म्हणतो माई?"

"मग तेव्हा का नाही झालं असं?"

मी वर्तमानपत्र वाचणारा माणूस, पण माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते त्यांनाच सापडले. कुंडावरच्या वाफेकडे बघत त्या हळूहळू बोलू लागल्या.

"वर कौलं होती. निजल्या निजल्या कौलांतून चांदणं दिसायचं. पावसात चार ठिकाणी भांडी ठेवावी लागत. दाराला खाली इतकी फट, की मांजर जायचं. आम्ही म्हणायचो, काय हे भोकाभोकांचं घर! स्लॅब घातला तेव्हा मीच सुटकेचा श्वास सोडला." त्या थांबल्या. "शेगडी तीच रे. घर बदललं."

माझ्या अंगावर काटा आला. डॉक्टरांनी वायू समजावला, भाच्याने यंत्र समजावले, पण गोष्टीचा गाभा या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईने सांगितला. जुनी रीत खोटी नव्हती. ती ज्या घरासाठी होती, ते घर आम्ही पाडले, आणि रीत तेवढी नव्या घरात आणून ठेवली.

"खिडकी मी लावली होती, माई," मी म्हणालो.

"आणि शेगडी मी मागितली होती," त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्या पोटभर जेवल्या.

आता प्रश्न उरला तो उबेचा. तो सोडवला एका चाचांनी. भावजी पूर्वी यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहीत, तेव्हापासूनचा हा स्नेह. चाचांचे सारे आयुष्य सायझिंगच्या कारखान्यात बॉयलरपुढे गेले. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात आणि ते वाफेने तापवलेल्या रुळांवरून वाळवतात. त्या वाफेसाठी चाळीस वर्षे ते आग सांभाळत होते. बाळाला बघायला खजूर घेऊन आले. हकिगत ऐकून म्हणाले, "साब, आगीला दोन तोंडं लागतात. एक खायाचं, एक श्वास सोडायचं. तुमच्या शेगडीला सोडायचं तोंड कुठं होतं?"

या गावाला आगीची ओळख आहे. १९७० आणि १९८४ साली इथे जे पेटले, ते आठवले की म्हातारी माणसे आजही आवाज खाली आणतात. पण पुढे सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी इथे असताना मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्हीकडची माणसे एका सतरंजीवर बसू लागली, आणि १९९२-९३ साली शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. कोंडलेली हवा काय करते आणि वेळेवर उघडलेली खिडकी काय करते, हे चाचांना माझ्यापेक्षा अधिक माहीत असणार. ते त्याविषयी काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "माळ्यावर जुना बंब असेल ना?"

होता! माईंच्या लग्नातला तांब्याचा बंब, धूळ खात पडलेला. बंब म्हणजे किती शहाणी वस्तू, ते मला त्या दिवशी कळले. मधोमध नळी, तिच्यात विस्तव, भोवती पाणी. खालून हवा आत, वरून धूर बाहेर. साध्या चुलीत शंभर हिश्शांतले दहा-पंधरा हिस्सेच भांड्याला मिळतात, बाकीची उष्णता इकडेतिकडे जाते. बंबात विस्तवाला पाण्याने चहूबाजूंनी वेढलेले असते. एके ठिकाणी गळत होता, तो कासार आळीत नेऊन झाळून घेतला आणि मागच्या अंगणात, घरापासून चांगला दूर, मांडला.

लाकूडही चाचांनीच निवडले. गोदामांतल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण रंग किंवा औषध लावलेले लाकूड आणि प्लायवूड जाळू नये, त्याचा धूर विखारी. ओले लाकूडही नको. ताज्या तोडीत निम्मे वजन पाण्याचेच असू शकते, म्हणजे आगीतली काही उष्णता ते पाणी उकळण्यातच खर्ची पडते. "दोन लाकडं एकमेकांवर मारा. टणटण वाजलं तर सुकं. धप् वाजलं तर ठेवा बाजूला." आम्ही बसून लाकडे वाजवली. माईंनीही दोन वाजवून पाहिली.

मग घरात अशी व्यवस्था लागली. विस्तव अंगणात. त्याचे पाणी रबरी पिशवीत भरून, फडक्यात गुंडाळून बाळंतिणीच्या पाठीला आणि पायांना. शेकण्यासाठी ओव्याची पुरचुंडी स्वयंपाकघरात तव्यावर गरम केलेली. खिडकी चार बोटे उघडी. भिंतीवर भाच्याची घंटी. भाच्याला फोनवर हे सांगितले तर तो हसून म्हणाला, "मामा, आमच्या इकडचं सेंट्रल हीटिंग दुसरं काय असतं? आग तळघरात, आणि खोलीत येतं ते नुसतं गरम पाणी!"

आणि बाळ? त्याची सोय डॉक्टरांनी सांगितली तीच सगळ्यांत स्वस्त ठरली. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ती बाळे आईच्या उघड्या छातीशी बिलगवून, वरून पांघरूण घालून ठेवली. बाळे तगली, वाढली. आज मोठमोठ्या रुग्णालयांतही हीच रीत सांगतात. भाची तशी पडून राहू लागली आणि मुठी आवळून रडणारी पोर दोन मिनिटांत निवांत होऊ लागली. माई दारातून ते बघत. एकदा म्हणाल्या, "हिला काय, कोळसाही लागत नाही नि लाकूडही." मी सौभाग्यवतीने दिलेली जुनी गोधडी त्या दोघींवर सारखी केली.

ती लोखंडी शेगडी? ती मी दादरला परत घेऊन आलो. गॅलरीत आहे. तिच्यात तुळशीच्या मंजिऱ्या पेरल्या होत्या, त्या आता हातभर वाढल्या आहेत.

यंदा दिवाळीला भाची पोरीला घेऊन पुन्हा माहेरी येणार आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे त्या अंगणात बंब पेटेल आणि पोरीला पहिले अभ्यंगस्नान घडेल. लाकडे माईंनी पावसाळ्याआधीच पडवीत रचून घेतली आहेत, प्रत्येक वाजवून. परवा ताईने सहज फोन केला. बोलणे संपता संपता मागून माईंचा आवाज आला. त्या आता घरातल्या प्रत्येकाला निजण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतात. मला त्यांनी तो भिवंडीहून दादरला विचारला.

"खिडकी उघडी आहे ना रे?"